बुधवारची कढई

ताटात टाकलेलं अन्न दिसलं की नीलामावशी खांबेट्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. हा स्वभाव काही त्यांनी अमेरिकेत येऊन कमावलेला नव्हता. सांगलीतल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मेस त्यांनी सत्तावीस वर्षं चालवली होती. रोजची दीडशे ताटं त्यांच्या डोळ्यांखालून जायची. कुठल्या मुलीच्या घरी भांडणं चालू आहेत, कुणाचा पेपर वाईट गेलाय, कुणाचं लग्न ठरलंय आणि तिला ते नकोय, हे सगळं रेक्टरबाईंच्या आधी मावशींना कळायचं. मुलगी काही बोलायच्या आधी तिचं ताट बोलतं, असं त्या म्हणत. एकदा टायफॉइडमधून उठलेल्या एका मुलीला डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली. मेसमध्ये अंडं आणायला बंदी होती. मावशींनी मागच्या व्हरांड्यात रॉकेलचा स्टोव्ह मांडला, एक वेगळं पातेलं काढलं आणि नाकाला पदर लावून महिनाभर तिला अंडी उकडून घातली. विश्वस्तांनी जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, नियम तुमचा, पण मुलगी माझ्या मेसची आहे. विश्वस्तांनी चहा घेतला आणि निघून गेले.

अशी ही बाई निवृत्त झाली आणि दोन हजार दोन साली मुलाकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात येऊन पडली. पडली हाच शब्द खरा. सकाळी साडेसातला मुलगा हेमचंद्र आणि सून आश्लेषा आपापल्या गाड्या काढून रिसर्च पार्कच्या दिशेने निघून जात आणि मग संध्याकाळपर्यंत घरात मावशी आणि फ्रिजची घरघर. बाहेर जावं तर चालत पोचण्यासारखं काही नाही. दीडशे ताटांची सवय असलेल्या हाताला तीन ताटं म्हणजे उपासच. त्या खिडकीपाशी जायच्या, परत यायच्या, डाळ निवडायच्या, निवडलेली पुन्हा निवडायच्या.

त्यांच्याच अपार्टमेंटच्या आवारात, दोन इमारती सोडून, सुवर्णा आणि शंतनू देशकर राहत. सुवर्णा पुण्याची, शंतनू नागपूरचा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांची साडेपाच वर्षांची स्वानंदी शाळेच्या पिवळ्या बसमधून सव्वातीनला उतरायची आणि आईबाप यायचे सात वाजता. मावशींनी स्वतःहून सांगितलं की पोर त्या बेबीसिटरकडे कशाला पाठवता, मी बसते तुमच्या घरी. सुवर्णाने त्यांना घराची किल्ली दिली. त्या दिवशी मावशींनी देवापुढे साखर ठेवली.

वर्षभर छान चाललं. मग दोन हजार तीनच्या सप्टेंबरात सुवर्णाच्या वडिलांना पुण्यात झटका आला आणि ती मिळेल त्या विमानाने गेली. तीन आठवड्यांत परत येणार होती. वडील सावरले, पण सुवर्णा अडकली. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जुना झाला होता आणि नवा हवा तर मुंबईला मुलाखतीला उभं राहायला हवं. त्या मुलाखतीची तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. म्हणजे आईविना दोन महिने. मोठी माणसं याला प्रोसेस म्हणतात. साडेसहा वर्षांच्या मुलीला काय म्हणायचं ते कुणी विचारलं नव्हतं.

स्वानंदी रडली नाही, हीच मोठी पंचाईत. रडणारं मूल पोटभर रडतं आणि मग जेवतं, असा मावशींचा अनुभव. ही मुलगी शहाण्यासारखी होमवर्क करायची, शहाण्यासारखी ताटावर बसायची, तीन घास खायची आणि म्हणायची, "मावशी, नॉट हंग्री." वरणभात झाला, थालीपीठ झालं, शिरा झाला, शेवया झाल्या. तीन घास. मावशींनी सांगलीची सगळी विद्या पणाला लावली आणि प्रत्येक वेळी उरलेलं ताट त्यांच्याकडे बघत राहिलं. पाचव्या आठवड्यात शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली की मुलगी डबा न उघडता परत नेते. फ्रॉकचा पट्टा मावशींनी एक भोक आत घेतला.

यातलं काहीही सुवर्णाला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे पुण्यात पहाटे साडेपाचला, फोन लावायचा असं ठरलेलं होतं. सुवर्णा पहिला प्रश्न एकच विचारायची, "मावशी, जेवली का हो?" आणि सत्तावीस वर्षांत कुणाच्या ताटाबद्दल खोटं न बोललेल्या नीलामावशी म्हणायच्या, "जेवली गं, मस्त जेवली." तिकडे आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या पोरीला आणखी काय सांगणार? रोज एक खोटं. आता सुवर्णा परत येईल आणि मुलीच्या फासळ्या बघेल तेव्हा काय तोंड दाखवायचं?

त्या मंगळवारी शंतनू आल्यावर त्यांनी त्याला समोर बसवून विचारलं की या मुलीला आईच्या हातचं नक्की काय आवडतं ते मला एकदाचं सांग.

शंतनू माणूस भला, पण जेवणातलं त्याला इतकंच कळायचं की ताट भरलंय की रिकामं झालंय. तो मात्र लगेच म्हणाला, "टाको. बुधवारचे बीफ टाको. मावशी, सुवर्णा काय बनवते यार, बाहेर तसे मिळत नाहीत. ऑफिसमधून आली की वीस मिनिटांत रेडी. स्वानंदी चार-चार खाते."

बीफ हा शब्द ऐकून मावशींनी पदर सावरला. सुवर्णा, पुण्याची, कऱ्हाडे ब्राह्मणांची मुलगी, बीफ शिजवते? पण दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते बघून नाक मुरडणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. शंतनूने सांगितलं की मागे एका बुधवारी त्याने ऑफिसातून येताना बाहेरचे टाको आणले होते, पण पोरीने तोंड लावलं नाही. "आईसारखे नाहीत" म्हणाली. उद्या तो स्वतः लवकर येऊन करणार होता. लगोलग जाऊन खिमा घेऊनही आला आणि फ्रिजमध्ये ठेवला. मावशींनी दुधाचा कॅन वरच्या कप्प्यात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या घरी मावशींची नजर भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे गेली आणि त्या जागीच उभ्या राहिल्या. बुधवार. वसुबारस.

दिवाळीचा पहिला दिवस. गाय-वासराची पूजा, मुलाबाळांसाठी उपास. कॅरीत गाय कुठून आणणार? म्हणून मावशी दरवर्षी ओट्यावर तांदळाच्या पिठाने गाय काढायच्या आणि तिच्या पोटाशी वासरू. त्याही दिवशी काढलं, हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी सोडायच्या उपासासाठी बाजरीची भाकरी थापून ठेवली, फ्रोझन गवार परतून ठेवली. आज दूध नाही, तूप नाही, कारण आजचं दूध वासराचं. हे सगळं झाल्यावर त्यांना शंतनूच्या फ्रिजमधलं ते पाकीट आठवलं. दुपारभर त्या ओट्याच्या आणि खिडकीच्या मध्ये फेऱ्या घालत राहिल्या. बरं तर बरं, आज शंतनूच करणार आहे, एवढा एकच दिलासा होता.

पाच वाजता देशकरांच्या घरी शंतनूचा फोन आला. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी कोसळलं होतं. साडेआठच्या आत सुटका नाही. "मावशी, सॉरी यार. राहू दे आज. तिला सिरिअल द्या."

मावशींनी फोन ठेवला आणि स्वानंदीकडे बघितलं. ती टेबलाशी बसून गायीचं चित्र रंगवत होती, मावशींनीच दिलेलं. बोटं काडीसारखी झाली होती. मधेच मान वर करून तिने विचारलं, "आज वेन्सडे ना? बाबा टाको करणार?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिने स्वतःहून खाण्याचं नाव काढलं होतं.

मग मात्र मावशींच्या जिवाची जी घालमेल झाली ती काय सांगावी. आज वसुबारस. हात कसा लावायचा? पण पोर उपाशी. मनात एक म्हणे, उद्या कर. दुसरं म्हणे, उद्या ती मागेल कशावरून? त्या देवाशी भांडल्यासारख्या पुटपुटत स्वयंपाकघरात तीन चकरा मारून आल्या. शेवटी त्यांनी स्वतःलाच ठणकावलं की आजची पूजा कशासाठी असते? वासराचं पोट भरावं म्हणून. मग हे वासरू उपाशी ठेवून मी कुठल्या गाईला तोंड दाखवू? त्यांनी पदर खोचला आणि नाकाला रुमाल बांधला.

पहिलं घोडं अडलं ते भांड्यापाशी. बीफचं भांडं वेगळं असणारच, असं त्यांनी गृहीत धरलेलं. साधं अंडं उकडायला त्यांनी वेगळं पातेलं काढलं होतं. कपाटं धुंडाळली. वाटाण्याची बरणी सरकवली, सोयाबीनच्या चुऱ्याची बरणी सरकवली, पोहे सरकवले. वेगळं भांडं नाहीच. घरात कढई एकच, सुवर्णाने पुण्याहून आणलेली काळी लोखंडी. तिच्या दांड्याला सुकलेल्या लाल मसाल्याचा ठिपका होता. म्हणजे ही बया याच कढईत बीफ करते! आणि याच कढईत गेला महिनाभर मावशींनी सांजा केला होता, पोहे केले होते, स्वतः खाल्लेही होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. जे पोटात गेलं ते गेलं, आता सोवळं मिरवून काय उपयोग, म्हणत त्यांनी कढई शेगडीवर ठेवली.

पाकीट उघडताना त्यांनी डोळे मिटले. हाताने नाही, उलथन्याने ढकललं. कढईत चर्र झालं आणि वास आला तशा त्या दोन पावलं मागे सरल्या. शंतनूने खिम्याबरोबर आणलेल्या मसाल्याच्या पाकिटावर लिहिलं होतं की मांस परता, चरबी काढून टाका, थोडं पाणी घाला, दहा मिनिटं शिजवा. दहा मिनिटं! मांस दहा मिनिटांत शिजतं होय? मटणाला तास तास लागतो हे त्यांनी शेजारणींकडून ऐकलेलं होतं. कच्चं राहिलं तर पोरीचं पोट बिघडेल. त्यांनी कांदा घातला, आलं-लसूण घातलं, दोन पेले पाणी ओतलं आणि झाकण ठेवून पाऊण तास रटरटू दिलं. चव बघायची सोयच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्या चव न बघता स्वयंपाक करत होत्या.

मग टाकोच्या कवचांचं पिवळं खोकं. आत मक्याच्या पातळ पोळ्या तळून मधोमध दुमडलेल्या, होडीसारख्या, हात लावला तर मोडतील अशा. कुरकुरीत म्हणून तर मुलांना आवडतात. कोबीसारखा तो लेट्यूस चिरून, चीज किसून झालं. आता अमेरिकन घरात काय करतात, तर सगळं टेबलावर मांडून ठेवतात आणि जो तो आपापलं भरून खातो. पण नीलामावशींच्या हाताला हे ठाऊक नाही. जेवणाऱ्याने स्वतःचं वाढून घ्यायचं म्हणजे वाढणारी मेली की काय? पान वाढून मगच हाक मारायची, ही त्यांची रीत. त्यांनी सहा टाको काठोकाठ भरले, रस्सा वर ओतला, थंड होऊ नयेत म्हणून वर दुसरं ताट पालथं घातलं आणि स्वानंदीला होमवर्क संपवून, हात धुऊन यायला सांगितलं.

ती पंचवीस मिनिटांनी आली. मावशींनी ताट उघडलं. वाफ निघून गेली आणि खाली सहा होड्या बुडालेल्या. कवचं ओली होऊन फाटली होती, रस्सा ताटभर पसरला होता.

मुलीने तरी एक उचलला. तो तिच्या हातात वाकला. तिने कोपऱ्याचा छोटा घास घेतला, तोंडातच धरून ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. मग कागदी रुमालात घास काढून टाकला. "मावशी, इट्स नॉट द सेम."

"मऊ झालेत, माझं चुकलंच. पण आतलं तरी खा. काय वेगळं लागतंय, सांग ना बाळा. मी तसं करते."

स्वानंदीने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा मान. "आय काण्ट टेल." सांगता येत नाही असं मावशींनी समजून घेतलं. मुलगी उठून सोफ्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मावशी त्या ताटासमोर बसून राहिल्या. वसुबारस मोडली, बीफला हात लावला आणि पोर आहे तिथेच उपाशी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. त्यांना रडूही येईना, इतका स्वतःचा राग आला होता. सत्तावीस वर्षं, दीडशे ताटं, आणि एक साडेसहा वर्षांची मुलगी जेवेना. घड्याळात आठ वाजले तेव्हा आज फोनच्या कार्डावरचे चौदा आकडे त्यांनीच दाबले, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा बरोबर.

"मावशी, जेवली का हो?" तिकडून आलं.

"नाही जेवली."

मग मावशींनी सगळं सांगून टाकलं. आजच नाही, पाच आठवडे जेवत नाही, मी रोज तुझ्याशी खोटं बोलले. शाळेची चिठ्ठी सांगितली, पट्ट्याचं भोक सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला. "आणि काय करायचं बाकी ठेवलं मी? आज वसुबारस, आणि या हातांनी तुझे ते बीफचे टाको केले. तुझ्याच कढईत. तेही टाकले तिने."

"मावशी," सुवर्णाचा आवाज एकदम बारीक झाला, "तुम्ही बीफ शिजवलंत?"

"मग? तू नाही शिजवत दर बुधवारी?"

"मावशी, आमच्या घरात बीफ कधी आलंच नाही हो."

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग सुवर्णाने जे सांगितलं ते असं. इथे आल्यावर शंतनूने हट्ट धरला की ऑफिसमध्ये सगळे खातात, आपणच का मागासल्यासारखं राहायचं. तिकडे शाळेत मुलं एकमेकांना विचारायची, काल डिनरला काय होतं, आणि स्वानंदी वरणभात म्हणाली की हसायची. सुवर्णाच्या हाताला काही ते धजेना. मग तिने सोयाबीनचा चुरा भिजवला, घट्ट पिळला, लोखंडी कढईत काळपट होईपर्यंत खरपूस परतला, त्यात ते मसाल्याचं पाकीट आणि आपला चिमूटभर गोडा मसाला घातला. शंतनूने चार खाल्ले आणि म्हणाला, बघ, खाल्लं की जमतं. दोन वर्षं झाली. स्वानंदी एकदा मदतीला आली तेव्हा तिने बरणी बघितली. तेव्हा आईने तिच्याकडून वचन घेतलं होतं की हे आपल्या दोघींचं गुपित, कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही.

सांगता येत नाही. आय काण्ट टेल. नीलामावशींना आत्ता उलगडलं. पोरीने आईला दिलेला शब्द पाळला होता, उपाशी राहून.

आणि ती बरणी! संध्याकाळी त्यांनीच तर ती वेगळं भांडं शोधताना बाजूला सरकवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याहून वाईट म्हणजे ती कढई. संध्याकाळपासून त्या जिला मनातल्या मनात बाटलेली म्हणत होत्या, ती मुळात स्वच्छ होती. तिच्यात पहिल्यांदा बीफ शिजवलं ते नीला खांबेटे यांनी, वसुबारसेच्या दिवशी.

"मी बाटवली गं तुझी कढई," त्या म्हणाल्या आणि आता मात्र त्यांना रडू आलं.

तिकडे सुवर्णा रडत होती की हसत होती ते कळेना. बहुधा दोन्ही. "लोखंड आहे मावशी, लाल तापवलं की शुद्ध."

"आणि मी?"

"तुम्ही तर रोजच तापता," सुवर्णा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या मुलीसाठी तुम्ही हे केलंत. मला तर हात लावायचं धाडस झालं नाही." आणि तिने दोन गोष्टी घाईघाईने सांगितल्या. चुरा घट्ट पिळायचा, पाण्याचा थेंब राहता कामा नये. आणि ताट वाढायचं नाही, कवचं शेवटच्या क्षणी ओव्हनमधून काढायची आणि भरायचं काम स्वानंदीला करू द्यायचं.

साडेआठला शंतनू आला. टेबलावरचे ते बुडालेले टाको त्याने चमच्याने उचलून एकट्याने संपवले. चमचा चाटत म्हणाला की मावशी, कमाल आहे, अगदी सुवर्णासारखंच झालंय, जरासुद्धा फरक नाही. मावशींनी तोंडावर पदर धरला. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला कंपनी याला कशी काय पगार देते, हे कोडं त्यांना त्या रात्री सुटलं नाही. घरी जाऊन त्यांनी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी मुकाट्याने खाल्ली आणि ओट्यावरच्या गायीला हात जोडले. माफी मागावी की आभार मानावेत ते न ठरल्याने नुसतेच जोडले.

गुरुवारी धनत्रयोदशी. सव्वातीनच्या बसच्या आधीच मावशींनी कढई घासून घासून शेगडीवर चढवली आणि धूर येईपर्यंत तापवली. मग सोयाचा चुरा भिजवला, सुती फडक्यात बांधून बोटं दुखेपर्यंत पिळला. कढईत तो परतत असताना स्वानंदी दप्तर टाकून आत आली आणि दारातच थबकली. तिने हवेत वास घेतला. मग खुर्ची ओढत शेगडीपाशी आणली, वर चढली आणि कढईत डोकावली. नंतर मावशींकडे बघितलं.

"बीफ आहे," मावशी गंभीरपणे म्हणाल्या.

स्वानंदीने गंभीरपणे मान हलवली. "या. बीफ."

शंतनू दिवाळी म्हणून सातलाच घरी आला होता. मावशींनी दिवा लावला. मग काळजावर दगड ठेवून त्यांनी पान न वाढता सगळं वाडग्यांत मांडलं, ओव्हनमधून गरम कवचं काढली आणि हात मांडीखाली दाबून बसल्या, कारण हात आपोआप वाढायला जात होते. मुलगी एकेक कवच उचलून मन लावून भरत होती. आधी चुरा, मग चीज, मग लेट्यूस, आईने शिकवलेल्या क्रमाने. शंतनूने पहिलाच घास घेऊन जाहीर केलं की कालच्यापेक्षा आज भारी, आज मीट फ्रेश दिसतंय. स्वानंदीने मावशींकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

तिने पहिला संपवला. मग दुसरा घेतला. मावशी श्वास रोखून मोजत होत्या आणि मोजतोय हे दिसू नये म्हणून छताकडे बघत होत्या. तिसरा तिने भरला तेव्हा आठ वाजले आणि शंतनूने फोन लावून मावशींच्या हातात दिला.

"मावशी," पलीकडून आवाज आला, पण पुढचा प्रश्न विचारायची सुवर्णाला आज भीती वाटत होती. "मावशी, ती..."

मावशींनी फोन तसाच स्वानंदीच्या तोंडाजवळ नेला. मुलीला वाटलं बोलायचंय, पण तिच्या हातात टाको होता आणि तोंड उघडलेलं होतं, म्हणून तिने आधी तो चावला. कुडुम् असा मोठा आवाज झाला, कवच दोन ठिकाणी मोडलं आणि चुरा फ्रॉकवर सांडला. तिने चावून गिळलं, आणि पुन्हा एकदा चावलं, आता मुद्दाम, फोनच्या अगदी जवळ धरून.

पुण्यात पहाट होती. मग सुवर्णाचा आवाज आला, तुटक, पाण्यातून आल्यासारखा.

"अजून एक खा."

मावशींनी पुढचं कवच उचललं, भरायला घेतलं, आणि आठवण होऊन तसंच रिकामं मुलीच्या ताटात ठेवलं.